खालच्याला काढलं, मोठे बाबा

मोठे बाबा, त्यांनी खालच्याला काढलं. वरच्याला ठेवलं.

बातमी फोनवर आली तेव्हा मी बसमध्ये होते. बस पुलावर होती, खाली नदी, आणि माझा अंगठा आपोआप तुमच्या नावावर गेला. मग लक्षात आलं. तुम्हाला जाऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता. तुमचा फोन आमच्या स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हवर ठेवलेला आहे. पप्पा अजून तो चार्ज करतात. का करतात ते मी विचारलेलं नाही.

तुमच्या पुण्यानुमोदनाला लोक आले होते. बेसमेंटमध्ये मावले नाहीत, म्हणून जिन्यावरही बसले. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोशेजारी तुमचा फोटो होता, शाळेच्या आयडीवरून मोठा केलेला, कारण तुमचा एकट्याचा दुसरा फोटोच सापडेना. वंदना झाली. मग पप्पा सगळ्यांना म्हणाले, आता आमची मुलगी बोलेल, ती युनिव्हर्सिटीत आहे. जणू युनिव्हर्सिटीत हे शिकवतात. मी उठले, "मोठे बाबा" एवढं म्हटलं आणि बसले. लोकांना वाटलं, रडू आलं. रडू आलं नव्हतं. मला जे बोलायचं होतं ते सगळं बेसबॉलबद्दल होतं, आणि मेणबत्त्यांसमोर उभं राहून ते कसं बोलावं ते कळेना. म्हणून इथल्या, कॅनडातल्या आपल्या मंडळाच्या अंकासाठी हे लिहिते आहे. नीट लिहिता येतं की नाही माहीत नाही. आपल्या घरात याआधी कोणी काही लिहिलेलं नाही, त्यामुळे दाखवायलाही कोणी नाही.

तुम्हाला सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्यांना सांगायला हवं. मोठे बाबा म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. बेसबॉलच्या टीमला दोन मॅनेजर असतात. एक ऑफिसात बसतो, सूट घालतो, खेळाडू आणतो आणि पाठवून देतो. तो जनरल मॅनेजर. दुसरा मैदानाच्या कडेला बाकावर बसतो, कोणी कधी खेळायचं आणि कोणी बाहेर यायचं ते ठरवतो. तुम्ही त्यांना वरचा आणि खालचा म्हणायचात. मी कितीदा खरी नावं सांगितली. तुम्ही म्हणायचात, नावं बदलत राहतात, वरचा-खालचा बदलत नाही.

तुमचं हे वेड माझ्यापासून सुरू झालं नाही, हेही लिहून ठेवते, कारण पप्पा सगळ्यांना तसं सांगतात. दोन हजार पंधराच्या ऑक्टोबरात टोरोंटोची टीम खूप वर्षांनी शेवटच्या फेऱ्यांपर्यंत पोचली, तेव्हा तुमच्या शाळेच्या प्रिन्सिपलने एका दुपारी मुलांना जिममध्ये बसवून मॅच दाखवली. तुम्ही शाळेचे केअरटेकर. मॅच संपल्यावर जिम साफ करायचं म्हणून मॉप घेऊन दाराशी थांबलात, आणि तिथेच उभे राहिलात. संध्याकाळी घरी येऊन मला विचारलंत, "तो एक म्हातारा आहे ना, पांढऱ्या केसांचा, बाकावर बसून गम चावून रायला, त्याले बॅटिंग काहून देत नाही?"

मी हायस्कूलमध्ये होते. मला हसू आवरेना. तो खेळाडू नाही, मॅनेजर आहे, असं मी सांगितलं. तुम्हाला पटलं नाही. आपल्याकडे क्रिकेटमध्ये कोच ट्रॅकसूट घालून बाल्कनीत बसतो. हा तर पूर्ण ड्रेसमध्ये, पाठीवर नंबर, पायात तसलेच बूट. तुम्ही म्हणालात, "खेळायचं नाही तं ड्रेस काहून घातला?" तशी पद्धत आहे, एवढंच मला ठाऊक आहे.

तुम्हाला नंतर सगळं नीट कळलं. पण तुम्ही ती चूक सोडली नाहीत. या वर्षी टीम हरायला लागली, पेपरात आणि टीव्हीवर दोघांना काढा म्हणून ओरड सुरू झाली, तेव्हाही तुमचं एकच म्हणणं होतं की त्या माणसाला अजून एकदाही बॅटिंग मिळालेली नाही, आणि त्याच्याआधी त्याला काढणं बरोबर नाही.

माझं म्हणणं वेगळं होतं. दोघांनाही काढावं. खेळाडू थकलेले, तरुण मुलांना बाकावर बसवून ठेवलेलं, सीझन जुलैमध्येच संपल्यासारखा. आता ओढण्यात काय अर्थ आहे? नवीन माणसं आणा, पहिल्यापासून सुरू करा. मी तेव्हा स्टॅटिस्टिक्सचा पहिला कोर्स घेतला होता, आणि कोर्स घेतलेल्या माणसाला जेवढा आत्मविश्वास असतो तेवढा मला होता. तुम्ही सगळं ऐकून घ्यायचात. मग शाळेच्या गोष्टीवर यायचात. "बर्फ कधी शोव्हलनं काढायचा ते वरचा ठरवते. पोरगं घसरून पडलं तं विचारते खालच्याले." पण म्हणून वरच्याला काढा, असंही तुम्ही म्हणत नव्हतात. दोघंही राहू देत. तुमच्या शाळेत किती प्रिन्सिपल आले आणि गेले, आणि छत गळायचं ते गळतच राहिलं, असं तुमचं म्हणणं.

एकदा मी चिडून म्हटलं की मग सुधारणार कसं? तुम्ही म्हणालात, "नाही सुधरत. नवा येईन तो बी हरन. याले निदान हरून कसं बसायचं ते येते."

हे सगळं बोलणं तुमच्या खुर्चीपाशी व्हायचं, डायलिसिस युनिटमध्ये, आठवड्यातून तीनदा. टोरोंटोत संध्याकाळची मॅच सुरू व्हायची तेव्हा इकडे सस्काटूनमध्ये, दोन तास मागे, अजून चांगलं ऊन असायचं. पप्पांची वेल्डिंग शॉपमध्ये दुपारची शिफ्ट, म्हणून गाडी मी चालवायचे. तुम्ही प्रत्येक वेळी शाळेचा राखाडी शर्ट घालून निघायचात, खिशावर नाव शिवलेला. रिटायर होऊन कितीतरी महिने झाले होते. मी विचारलं तर म्हणालात, याची बाही लवकर वर होते. आईने अर्ध्या बाह्यांचे मऊ शर्ट आणून दिले होते, ते घडीतच राहिले.

लॉर्ना नावाची नर्स तुमचं ब्लँकेट गरम करून ठेवायची आणि चॅनेल आधीच लावायची. सुई टोचताना तुमचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून विचारायची, "सो? कीप हिम ऑर फायर हिम?" तुम्ही म्हणायचात, "कीप." ती माझ्याकडे बघायची. मी म्हणायचे, "फायर." पलीकडच्या खुर्चीतले म्हातारे शेतकरी डोळे मिटूनच हात वर करायचे, माझ्या बाजूने. तुम्ही मला मराठीत सांगायचात, त्याचं मत धरू नको, त्याने या वर्षी एकही मॅच जागं राहून पाहिलेली नाही.

तुमच्या डाव्या हातात मनगटाच्या वर डॉक्टरांनी रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा होती, मशीनची सुई लावायला. तिथे बोट ठेवलं की आत सतत थरथर जाणवायची, फ्रिजच्या मागे हात लावल्यासारखी. पहिल्यांदा तुम्ही मला ती दाखवलीत तेव्हा मी घाबरले. तुम्ही म्हणालात, "चालू आहे ना? बस. बंद पडली की सांगजो." त्यानंतर गाडीत बसलं की मी आधी सीट बेल्ट लावायचे आणि मग तुमच्या मनगटाला हात लावायचे. दोन्ही सवयी एकाच वेळी लागल्या.

बेसबॉलमधली एक गोष्ट तुम्हाला होम रनपेक्षा, म्हणजे त्यांच्या सिक्सरपेक्षा, जास्त आवडायची. पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, थकला किंवा मार खायला लागला की खालचा मॅनेजर बाकावरून उठतो. सगळ्या स्टेडियमसमोर हळूहळू चालत त्याच्यापर्यंत जातो. काही बोलतो, कधी बोलतही नाही. हात पुढे करतो, तळवा वर. पिचर त्या हातात बॉल ठेवतो आणि मान खाली घालून निघून जातो. तुम्ही त्या वेळी मला गप्प बसवायचात. "पाह्य. राग आला असन, तरी फेकत नाही. हातात देते. अन् हा बी हिसकत नाही. हात पुढं करून थांबते."

मला वाटतं, माणसांना कामावरून कमी करताना कोणी असं चालत गेलेलं तुम्ही पाहिलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये तुमच्या पायाची, कित्येक आठवडे न भरलेली जखम काळी पडली. मशीनवर असताना बीपी खाली जायचं, लॉर्ना धावत यायची, खुर्ची मागे झोपवायची, आणि टीव्ही तुमच्या डोक्यावरून कुठेतरी बोलत राहायचा. किडनी मिळण्याचा प्रश्न नव्हता, तुमचं हृदय ते ऑपरेशन सोसणार नाही हे आधीच सांगितलं होतं. आता पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल, असं सर्जन म्हणाले. आणि त्यानंतरही मशीन होतंच.

त्या दिवशी पार्किंग लॉटमध्ये मी गाडी सुरू केली आणि तुम्ही म्हणालात, थोडं थांब. मला वाटलं चक्कर आली. तुम्ही समोरच्या भिंतीकडे बघत सांगितलंत की आता बस करायचं आहे. पाय नाही काढायचा, आणि मशीनही नाही. घरी बसायचं.

मी काय काय बोलले ते मला शब्दाशब्दाने आठवत नाही. कॅलगरीला दुसरे डॉक्टर आहेत म्हटलं. घरी करता येतं तसं मशीन असतं म्हटलं, मी शिकून घेईन. एक सेमिस्टर सोडते म्हटलं. सेमिस्टरचं ऐकून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तेवढ्या एका गोष्टीवर तुम्ही रागावलात, बाकी सगळं तुम्ही शांतपणे ऐकलंत, मी दोघांना काढा म्हणायचे तेव्हा ऐकायचात तसंच.

मग म्हणालात, "दोन महिने तू मले सांगून रायली, सीझन संपला, ओढण्यात अर्थ नाही. त्या म्हाताऱ्याले काढा म्हणते, अन् मले ठेवा म्हणते. कोणतं तरी एक बोल ना बेटा."

मी म्हटलं, तो खेळ आहे.

"हो," तुम्ही म्हणालात. "म्हणून तिथं तुले पटकन बोलता येते."

मी गाडी घराकडे काढली. आठव्या रस्त्यावरचे सगळे सिग्नल लाल लागले. प्रत्येक सिग्नलला मला एक नवीन मुद्दा सुचायचा आणि हिरवा झाला की तो पोकळ वाटायचा. अजूनही मला नवीन मुद्दे सुचतात. ते कोणाला सांगायचे?

मोठे बाबा, तुम्ही मला पहिल्या दिवशी कॅम्पसवर सोडायला आला होतात. पप्पांना सुट्टी मिळाली नव्हती. बाकीच्या मुलांचे आईवडील फोटो काढत होते, काही जण स्वतः तिथेच शिकलेले, जुन्या खोल्या दाखवत होते. तुम्ही कॉरिडॉरमध्ये वाकून फरशी पाहिलीत आणि म्हणालात, वॅक्स बरोबर नाही केलं, कोपरे सोडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग जाताना म्हणालात, "हरवली तं कोण्या बी केअरटेकरले विचार. त्याच्यापाशी सगळ्या चाव्या असते." पहिल्या वर्षी मी खरंच तसं केलं. लेक्चरर्सना प्रश्न विचारायची माझी हिंमत नव्हती, पण मॉप घेऊन उभ्या असलेल्या माणसाला विचारायची होती. त्यांतल्या एका बाईंनी मला रिकामी खोली दाखवली, तिथे बसून मी मिडटर्मचा अभ्यास करायचे. त्या बाईंना मी तुमच्याबद्दल सांगितलं आहे. तुम्ही गेलात हे अजून सांगितलं नाही.

हॉस्पिटलमधल्या त्या मीटिंगबद्दल मला लिहायचं नव्हतं. पण ते टाळलं तर बाकी लिहिण्याला काही अर्थ नाही.

छोटी खोली होती. डॉक्टर, एक सोशल वर्कर, पप्पा, तुम्ही आणि मी. टेबलावर टिश्यूचा खोका आधीच ठेवलेला. डॉक्टर म्हणाल्या, फोनवर हिंदी दुभाष्या मिळू शकतो. तुम्ही इतकी वर्षं शाळेत इंग्रजीवर काम चालवलं, पालकांशी बोललात, फायर अलार्मवाल्यांशी भांडलात. पण त्या दिवशी तुम्ही मान हलवलीत आणि मला म्हणालात, "मरायचं बोलणं मी माझ्या भाषेत बोलन. तू सांग त्याईले."

पप्पा खिडकीबाहेर बघत होते. तुमचे धाकटे भाऊ. तुम्ही त्यांना या देशात बोलावलंत, पहिल्या हिवाळ्यात स्वतःचे बूट दिलेत. पप्पा आदल्या रात्री मला म्हणाले होते, तू समजाव, तुझं ऐकतील. पप्पांना वाटायचं, मी शिकते आहे म्हणजे माझं कोणीही ऐकेल.

तुम्ही बोलायला लागलात. एक वाक्य बोलायचात आणि थांबायचात, म्हणजे मला सांगता येईल. मशीन चांगली आहे, सांग. मी सांगितलं. नर्स फार चांगल्या आहेत, कोणाची काही चूक झाली नाही, सांग. सांगितलं. डॉक्टरांनी जेवढं होतं तेवढं सगळं केलं. तेही सांगितलं. डॉक्टरांनी तुम्हाला थँक यू म्हटलं. मग तुम्ही म्हणालात, "सोमवारपासून मी येत नाही."

ते वाक्य मला सांगता येईना. वाक्य सोपं होतं. इंग्रजीत ते माझ्या तोंडात तयार होतं. डॉक्टर वाट बघत होत्या. त्यांना मराठी येत नव्हती, म्हणजे ते वाक्य त्या खोलीत फक्त आपल्या तिघांकडे होतं. मी बोलले नाही तोपर्यंत ते झालेलं नव्हतं.

तुम्ही मला घाई केली नाहीत. दुसऱ्यांदा म्हटलंही नाहीत. तुम्ही डावा हात टेबलावर ठेवलात, माझ्या बाजूला, तळवा वर. आणि थांबलात.

पप्पांना ते काय आहे हे कळलं नसेल. मला लगेच कळलं.

माझ्याकडे ठेवायला काही नव्हतं, म्हणून मी हातच ठेवला. माझ्या बोटांखाली ती थरथर चालू होती, नेहमीसारखीच, जोरात. मी डॉक्टरांकडे बघून तुमचं वाक्य इंग्रजीत सांगितलं. एक शब्द बदलला नाही. टीव्हीवर तो म्हातारा बॉल घेतल्यावर पिचरच्या पाठीवर एक थाप देतो. तुम्ही थाप दिली नाहीत. तुमचा हात थकला होता, तो तसाच पडून राहिला माझ्या हाताखाली, डॉक्टर पुढचं काय काय समजावत होत्या तोपर्यंत.

मग घरातले ते शेवटचे दिवस. तुम्हाला बेसमेंटमधून वर हॉलमध्ये आणलं, भाड्याच्या पलंगावर, टीव्हीसमोर. तुम्ही बहुतेक वेळ झोपलेले असायचात. आई भात मऊ करून आणायची आणि परत न्यायची. लॉर्ना सुट्टीच्या दिवशी येऊन गेली. तिने सवयीने तोंड उघडलं, "सो," म्हणाली, आणि पुढचं विचारलं नाही. मी मॅच लावून ठेवायचे, आवाज कमी करून, कारण तो आवाज बंद केला की पप्पा घाबरून वर यायचे.

एका दुपारी तुम्ही डोळे न उघडताच विचारलंत, "हरले का?"

मी म्हटलं, हो.

"मंग ठीक आहे," तुम्ही म्हणालात आणि परत झोपलात. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला तुमच्याशी वाद घालावासा वाटला नाही. तुम्ही शेवटचं जे बोललात त्यातलं मला समजलेलं तेवढंच. नंतरचं बोलणं नागपूरचं होतं, मला माहीत नसलेल्या माणसांशी.

तुम्ही गेलात तेव्हा मी सवयीने मनगटाला हात लावला. बंद पडली की सांगजो, असं तुम्ही म्हणाला होतात. मी कोणाला सांगणार होते? पप्पा शेजारीच उभे होते, त्यांना सांगितलं.

आता टीमचं. खालच्याला पुढच्या वर्षी ठेवणार नाही, असं त्यांनी सीझन संपायच्या आधीच सांगून टाकलं. वरचा मॅनेजर कोट घालून बोलला, सगळे पुढे जाण्याबद्दल बोलले. लोक खूश आहेत. मी जे उन्हाळाभर म्हणत होते तेच, निदान अर्धं तरी, त्यांनी केलं. आपला वाद मी जिंकले असं म्हणता येईल. मला वाटलं होतं, निदान काहीतरी वाटेल. टीम पुढच्या वर्षीही हरेल असं मला आता वाटतं, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. तुमचं मत माझ्याकडे आलं, तुम्ही नसताना.

शेवटची मॅच मी हॉलमध्ये एकटीने पाहिली. पलंग भाड्याने देणाऱ्यांनी परत नेला होता, कार्पेटवर त्याच्या चार पायांचे खड्डे अजून आहेत. त्या माणसाला जा म्हणून सांगून झालेलं होतं, तरी तो आला होता. पूर्ण ड्रेस, पाठीवर नंबर, पायात ते बूट. मॅच कधीच हातातून गेली होती. अर्धं स्टेडियम रिकामं. पिचर एक नवीन मुलगा होता, माझ्याच वयाचा असेल, मार खात होता. म्हातारा उठला आणि चालत निघाला. खूप वेळ लागला त्याला. की मला तसं वाटलं. हात पुढे केला आणि थांबला. मुलगा बॉल धरून उभा राहिला, त्याला जायचं नव्हतं. मग त्याने बॉल हातात ठेवला.

त्याला बॅटिंग मिळाली नाही, मोठे बाबा.

मी शेवटपर्यंत बसले. लोक उठून गेले, माणसं खुर्च्यांमधून झाडू मारायला लागली, तरी टीव्ही चालू ठेवला. तुम्ही असतात तर कोपरे सोडले का ते पाहिलं असतंत. आणि डोळे मिटून विचारलं असतंत.

हो, हरले.